चार ठोक्यांचं रिकामं घर

आमच्या ह्यांना बँडमधले सगळे भिंगरी म्हणतात. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आले, दुसरं काय. जॅझ वाजवणारे ड्रमर, धुनाही स्वतःच रचणार, पण घरी बसून एखादी सुचेल तर शपथ. बोटीत, बसमध्ये, घाटात बंद पडलेल्या ट्रकमध्ये जाऊन बसायचं आणि तिथल्या खडखडाटाची धून करून आणायची. आणायची म्हणजे तिकिटांच्या पाठीवर, हॉटेलच्या बिलांवर, एकदा तर चक्क उशीच्या अभ्र्यावर खरडलेल्या रेघोट्या. त्या माझ्यापुढे टाकून म्हणायचं, "जरा नीट उतरवून दे." तेहतीस वर्षं मी उतरवतेय. त्यांचं अक्षर मला एकटीलाच लागतं. त्यांना स्वतःलाही नाही.

त्यांचं नाव झालं ते बोटीच्या धुनेमुळे. तेव्हा हे नेहमीप्रमाणे भटकायला गेले होते. रेघोट्या पाकिटातून पुढे पाठवल्या होत्या आणि स्वतः कार्यक्रमाच्या दिवशी स्टेशनवरून थेट हॉलवर पोचणार होते. मी जेवणाच्या टेबलावर पट्टी घेऊन बसले. दोन उभ्या रेघांच्या मधे चार ठोक्यांचं एक घर, मग पुढचं घर, असं लिहायचं असतं. एक घर आखलं आणि दूध उतू गेलं. धावले, गॅस बंद केला, शेगडी पुसली, स्वतःलाच चार शब्द सुनावले आणि परत येऊन सरळ पुढच्या घरापासून लिहायला लागले. मधलं घर रिकामंच राहिलं. त्या कागदावरून पियानोवाल्याची, बेसवाल्याची आणि ट्रम्पेटवाल्याची अशा तिन्ही प्रती केल्या, त्यामुळे तिघांचंही रिकामं.

कार्यक्रमात ऐन रंगात तिघे एकदम थांबले. ह्यांनी कागद पाहिलाच नव्हता. कोण मेलं अशा चेहऱ्याने काठ्या हवेत धरून बसले. चार ठोके हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यावी. मग तिघे सुरू झाले, मागोमाग हेही, आणि लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. ट्रम्पेटवाल्याने विचारलं, "भिंगरी, हा थांबा कुठून आणलास?" हे पटकन म्हणाले, "नदीच्या मधोमध बोटीचं इंजिन बंद पडलं होतं." दिवसभर थापा मारायच्या धंद्यातला माणूस, त्यात आणखी एक. मी मूग गिळून बसले, कारण चूक माझी होती. पुढे मुलाखतींमधून ती बोट इतक्यांदा बंद पडली की काही विचारू नका.

यंदा ह्यांचा गुडघा बदलला. महिन्याभराने ड्रम वाजवायला हरकत नाही, पण सहा महिने प्रवास बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. नव्या रेकॉर्डिंगची शेवटची धून तेवढी बाकी होती. हे वॉकर घेऊन खिडकीपाशी बसून राहायचे. "त्या बोटीवर एकदा जाऊन आलो तरच सुचेल," एवढंच पालुपद. एक दिवस मी ऐकलं, ट्रम्पेटवाल्याला फोनवर सांगत होते, "दुसरा ड्रमर बघ. माझ्यात आता काही उरलं नाही." ड्रमवर चादर टाकलेली होती. मला भीती वाटली. चिडका, भटका, पसारा करणारा नवरा मला चालतो, पण हा गप्प बसलेला माणूस माझ्या ओळखीचा नव्हता.

"अहो," मी म्हटलं, "त्या बोटीवर काही नाही. तो थांबा माझा आहे. दूध उतू गेलं होतं." आणि सगळं सांगून टाकलं.

हे वॉकर धरून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "म्हणजे इंजिन बंद पडलं नव्हतं?"

"मला काय विचारता? बोटीवर तुम्ही होतात."

"मला तर स्पष्ट आठवतंय. एक बाई उठून उभीसुद्धा राहिली होती."

"ती मीच असणार. शेगडीकडे धावणारी."

हसले नाहीत. दुपारभर रुसून बसले. रात्री जेवणाला 'भूक नाही', सकाळी चहाला 'नको'. झक मारली आणि खरं बोलले, असं मला झालं. आता ड्रम तर जाणारच, वर इतक्या वर्षांचा मानही मीच घालवला.

अकराच्या सुमाराला वॉकरची टकटक स्वयंपाकघरापर्यंत आली. खुर्ची ओढली, काठ्या मांडीवर घेतल्या आणि म्हणाले, "दूध ठेव."

"काल तापवलंय."

"परत ठेव. आणि मी सांगेपर्यंत हलायचं नाही."

दूध चढायला लागलं तसे हे खुर्चीच्या हातावर हळूच वाजवायला लागले. झाकणाची थरथर, माझी बोटं ओट्यावर अस्वस्थ, सगळं घेतलं. दूध उतू गेलं, शेगडीवर चरचरलं, मी जागची हलले नाही. संसारात इतका मोठा त्याग मी दुसरा केलेला नाही. त्या दिवशी दोन लिटर दूध वाया गेलं, आणि संध्याकाळी ट्रम्पेटवाल्याला फोन गेला, "दुसरा ड्रमर बघितलास तर याद राख."

रात्री किराणा सामानाच्या यादीमागे खरडलेल्या रेघोट्या माझ्यापुढे आल्या. मधोमध एक घर मोकळं होतं.

"हे राहिलं," मी म्हटलं.

"राहिलेलं नाही," हे म्हणाले. "ते तुझं आहे. नीट उतरवून दे."

मी डोळे पुसले, पट्टी काढली. मग उठून गॅस बंद आहे ना ते दोनदा बघून आले आणि लिहायला बसले. या खेपेला ते घर चुकून रिकामं राहिलं, असं कोणी म्हणायला नको.