खिशातला कान

मी एक श्रवणयंत्र. आयुष्यभर ऐकण्याचं काम केलं, त्यामुळे बोलायची वेळ आली की धास्ती वाटते. जे ऐकलं ते तसंच होतं, की मीच ते वाढवून ऐकलं? वाढवून ऐकवणं हाच तर माझा धंदा. तेव्हा सांगण्यात कुठे अतिशयोक्ती झाली तर सांभाळून घ्या.

आकाराने मी काजूएवढा, रंग माणसाच्या कातडीचा. मी कुणाला दिसू नये म्हणून तो रंग. दुकानात समोरच्या कपाटात चष्मे होते. त्यांची केवढी ऐट! तेही शरीराची उणीवच भरून काढतात. पण चष्मा लावला की माणूस विद्वान दिसतो आणि मला लावलं की म्हातारा. हा न्याय कुणी केला, ते मला अजून उमगलेलं नाही.

साहेबांनी मला घेतलं ते काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या हट्टापायी. साहेब नगरसेवक होते. काकूंनी घरी आल्यावर मला त्यांच्या कानामागे बसवलं आणि साहेब एकदम वर छताकडे बघायला लागले.

"काय झालं?"

"हा पंखा एवढा वाजतो?"

"अहो, घरात आणल्यापासून वाजतोय."

"आणि तुझा आवाज... जरा घोगरा झालाय का गं?"

काकू हसल्या आणि डोळे पुसायला आत गेल्या. तो आमचा पहिला दिवस. तसा एखादा दिवस पुन्हा मिळावा, एवढंच मी मागत आलो.

पण निवडणूक तोंडावर आली होती. प्रचाराचं सगळं साहेबांचा भाचा बघायचा. त्याने ऑफिसात पाऊल टाकलं आणि पहिली नजर माझ्यावरच पडली.

"मामा, ते आधी काढा. समोरचा उमेदवार रोज सकाळी धावतानाचे फोटो टाकतोय. लोक गुडघे बघून मत देतात, आणि तुम्ही त्यांना कान दाखवताय?"

"अरे, पण मग ऐकू कसं येणार?"

"ऐकायचं कशाला? मान हलवायची. तुमची मान फार छान हलते."

चूक थोडी माझीही असेल. कानाशी लागायला कुणी आलं की मी शिटी मारायचो. आमच्या जातीचा तो दोषच आहे. पण राजकारणात कानाशी लागल्याशिवाय एक पान हलत नाही, तिथे असं यंत्र कोण ठेवणार? केसांना कलप लागला आणि माझी रवानगी शर्टाच्या खिशात झाली.

गंमत अशी, की साहेब मला बंद करायलाच विसरायचे. ऑफिसात लोक येत, गाऱ्हाणी सांगत. ते सगळं मी कापडाआडून ऐकायचो, आणि ज्यांनी ऐकायचं ते नुसती मान हलवायचे. लोक मात्र खूश. "साहेब किती शांतपणे ऐकून घेतात! मधे एक शब्द नाही." मग भाच्याने पोस्टर काढलं. साहेब कानामागे तळहात धरून हसताहेत आणि खाली लिहिलंय, 'तुमचं ऐकणारा माणूस'. नीट बघाल तर त्यात खिसा किंचित फुगलेला दिसेल. तो मी.

एके दिवशी गोदामामागच्या वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या बाई आल्या. हातात पिशवी, आवाज खाली गेलेला.

"साहेब, आमची वस्ती उठवणार म्हणतात. खरं आहे का?"

साहेबांनी त्यांच्याकडे मायेने पाहिलं आणि मान हलवली.

"म्हणजे जावंच लागणार?"

साहेब हसले. पुन्हा मान हलवली.

मी खिशातून ओरडायला बघत होतो. पण शिटी वाजायलाही कुणीतरी अगदी जवळ यावं लागतं.

दुसऱ्या दिवशी काकू बाजारातून धापा टाकत आल्या. वस्तीतली माणसं सामान बांधत होती, कुणी घराचे पत्रे उतरवत होतं, बाईंचं शिलाई मशीन हातगाडीवर चढलं होतं, आणि साहेबांनीच काल होकार दिला असं बाई सांगत होत्या. काकूंनी साहेबांच्या खिशात हात घातला आणि मला कानामागे बसवून ते सगळं पुन्हा सांगितलं.

"म्हणजे तिने हे विचारलं होतं?" साहेब पुटपुटले.

भाचा तिथेच होता. "मामा, अफवा विरोधकांनी पसरवली म्हणू. तुम्हाला ऐकू येत नाही हे कळलं, तर संपलंच!"

"आणि ती बाई? तिचं घर जाणार म्हणून मी हसलो, असंच ती समजणार ना?"

ते तसेच निघाले. मला न काढता. वस्तीत गर्दी जमली तेव्हा त्यांनी मान वळवून मला सगळ्यांना दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्यावर ऊन पडलं.

"बाई, काल तुम्ही काय विचारलंत ते मला ऐकूच आलं नाही. आता हे लावलंय. पुन्हा विचारा."

"पोस्टरवर तर कानाला हात लावून बसलाय!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला.

बाई हसल्या नाहीत. "मग इतकी वर्षं आमचं काय ऐकलंत?"

"काहीच नाही."

बाई एक पाऊल पुढे आल्या. मग त्यांनी पुन्हा विचारलं, शब्द न शब्द तोच.

"नाही. तसा ठरावच नाही. कुणी कुठे जायचं नाही."

"मशीन उतरव रे," बाई हातगाडीवाल्याला म्हणाल्या.

मग जो तो बोलायला लागला. तुंबलेलं गटार, बंद दिवा, थकलेली पेन्शन. साहेब एकेकाचं ऐकत उभे राहिले आणि मी थरथरत होतो. शेवटचा माणूस बोलत असतानाच माझी बॅटरी संपली. साहेब त्याला म्हणाले, "थांबा हं," आणि दुसरी घातली.

निवडणूक ते हरले. समोरच्यांनी भिंतीभिंतीवर कान काढून त्यावर फुली मारली होती. त्या वस्तीनेही म्हणे धावणाऱ्यालाच मतं दिली. बाईंनी कुणाला दिलं, ते माझ्या कानावर आलेलं नाही.

आता साहेबांचे केस पांढरे झालेत. सकाळी चहाच्याही आधी ते मला लावतात आणि पुढच्या खोलीत येऊन बसतात. सगळे बोलायचे तेव्हा मी खिशात होतो. आता मी कानावर आहे आणि बोलायला कुणी येत नाही. पंखा वाजतो. आतून काकू काहीतरी विचारतात, साहेब लगेच उत्तर देतात. जिन्यात पावलं वाजली की आम्ही दोघंही सावरून बसतो. पावलं वरच्या मजल्यावर निघून जातात.

त्यांच्या हातात आता सत्ता नाही, त्यांच्याकडून काम काही व्हायचं नाही, हे मला कळतं. तरीही कधी या. गाऱ्हाणं घेऊन या, नाहीतर चार शिव्या द्यायला या. समोरची खुर्ची रिकामी आहे. हळू बोललात तरी चालेल.