एका घरातले दोन अर्ज

थेल्मा गार्साइड आणि एल्विन स्टॉट यांची गाठ पडली ती इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फ्लीटवुडमधल्या कपडे धुण्याच्या दुकानात लावलेल्या एका चिठ्ठीमुळे. चिठ्ठी थेल्माची होती: घरात भाड्याचा वाटेकरी हवा. नवरा जाऊन वर्ष झालं होतं, मासळीच्या कारखान्यातली नोकरी त्याआधीच सुटली होती, आणि घराचं भाडं एकटीच्या पेन्शनीत झेपत नव्हतं. एल्विन जन्मभर ट्राम चालवून निवृत्त झालेला, बिनलग्नाचा. घर बघायला आला तेव्हा दारात इतका वेळ बूट पुसत राहिला की थेल्मा म्हणाली, "या आता आत. पायपुसणं झिजेल."

भाडेकरारावर दोघांची नावं लागली. भाड्याच्या सरकारी मदतीसाठी कौन्सिलकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, मात्र दोघांनी वेगवेगळे अर्ज केले, कारण दोघं एकमेकांचे कुणीच नव्हते. वरची मागची खोली त्याची, पुढची तिची.

तीन वर्षं गेली. सुरुवातीला फ्रिजमध्ये वरचा कप्पा तिचा, खालचा त्याचा होता. पुढे ते कुणी पाहिनासं झालं. मंगळवारी मासळीची गाडी आली की एल्विन दोघांपुरती हॅडॉक आणायचा आणि थेल्मा ती तळायची. सहा वाजता जेवण. नंतर तो पेपरातलं शब्दकोडं मोठ्याने वाचायचा आणि थेल्मा मुद्दाम चुकीची उत्तरं द्यायची. तिच्या पाठीवर नागीण उठली होती तेव्हा औषधाची मलमपट्टी त्यानेच केली, नजर खिडकीकडे ठेवून.

ऑक्टोबरात कौन्सिलचं पत्र आलं. एक बाई घरी येऊन चौकशी करणार होती. दोघं जोडपं म्हणून राहतात असं ठरलं तर अर्ज एकच धरला जाणार, मदत घटणार, आणि मग हे घर सोडावं लागणार.

आलेली बाई तिशीची होती, जेनिन नावाची. बोलायला चांगली. तिने दोघांशी वेगवेगळं बोलायचं ठरवलं. थेल्मा तिच्यासमोर खाली बैठकीच्या खोलीत बसली, एल्विन शेजारी स्वयंपाकघरात थांबला. मधलं दार नीट लागत नसे.

"स्वयंपाक कोण करतं?"

"ज्याचा तो."

"कपडे?"

"मशीन अर्धं रिकामं कशाला चालवायचं? म्हणून एकत्र टाकतो. बाकी काही नाही."

"कुठे सोबत फिरायला वगैरे जाता?"

"ह्या वयात कुठे फिरणार, बाई?"

जेनिन हसली आणि लिहीत राहिली. मग तिने मान वर केली. "आणि मिसेस गार्साइड, उद्या ते घर सोडून गेले तर?"

"तर दुसरा बघीन," थेल्मा म्हणाली. "खोली रिकामी ठेवून कसं भागेल? मला माणूस कुठलाही चालतो, भाड्याचा वाटा उचलणारा असला म्हणजे झालं."

स्वयंपाकघरात किटलीचं झाकण बसवल्याचा आवाज झाला.

मग एल्विनची पाळी आली. थेल्मा स्वयंपाकघरात गेली, तो बैठकीच्या खोलीत आला आणि त्याने दार खांद्याने दाबून घट्ट लावलं. तो काय बोलला ते थेल्माला ऐकू आलं नाही.

तीन आठवड्यांनी दोन पाकिटं आली. दोघांचे अर्ज वेगळेच राहणार होते. थेल्मा जिन्याच्या पायरीवर बसली. हायसं वाटायला हवं होतं.

त्या दिवसापासून एल्विन साडेपाचला जेवू लागला. दूध स्वतःचं आणू लागला. शर्ट पिशवीत भरून दुकानात धुवायला न्यायचा. "पुन्हा तपासायला आली तर?" असं एकदा म्हणाला. सहा वाजता ती एकटी जेवायची. वर त्याचा रेडिओ हळू आवाजात चालू असायचा.

डिसेंबरात तिने त्याचं दार वाजवलं.

"एल्विन, त्या दिवशी मी जे बोलले ना..."

"बरोबरच बोललात. तेच बोलायला हवं होतं."

"दुसरा बघीन म्हणाले, ते मनातलं नव्हतं."

"मला कळलं होतं," तो म्हणाला. "पण ऐकायला खरं वाटलं."

"तुम्ही काय सांगितलंत तिला?"

"तिने विचारलं, आजारी पडलात तर कोण बघतं? मी म्हटलं, कुणी नाही." त्याने पलंगावरच्या स्वेटरची उगाच घडी केली. "म्हणताना वाटलं, आपण हे किती सहज म्हणतोय. आयुष्यभर हेच उत्तर दिलंय ना, तोंडात बसलंय."

थेल्माला म्हणायचं होतं, जाऊ दे ती मदत, लहान खोलीत राहू. पण तिचं वय अडुसष्ट, आणि लहान खोलीही सहज मिळत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. ती म्हणाली, "सूप केलंय. जास्त झालंय."

"मी जेवलो," एल्विन म्हणाला.

फेब्रुवारीत त्याला शेजारच्या गावी, क्लेव्हलिसला, वृद्धांसाठीच्या घरांत तळमजल्याची खोली मिळाली. त्याने अर्ज कधी केला होता ते त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. सामान दोन खेपांत गेलं. मागच्या खोलीत आता रात्रपाळी करणारी एक नर्स राहते. शांत मुलगी आहे. कधीकधी आठवडाभर दिसत नाही.

दर रविवारी थेल्मा ट्रामने क्लेव्हलिसला जाते. समुद्रासमोरच्या बाकावर दोघं चिप्स खातात, वाऱ्याने कागद उडू नये म्हणून एकाने धरायचा. लोक पाहतात, कुणी काही विचारत नाही. एकदा एल्विन म्हणाला, "इथे बरं आहे. गरम पाणी भरपूर." ती म्हणाली, "हो, दिसतंय. गालांवर रंग आलाय तुमच्या."

चारच्या ट्राममध्ये तो तिला बसवून देतो. परतताना ती बहुतेकदा दोन स्टॉप आधीच उतरते आणि समुद्राच्या कडेने चालत घरी येते. घरी पोचायची घाई नसते.