फलकावरचं बेट

शनिवारी सकाळी धक्क्यावर नवा फलक उभा राहिला आणि गावाला आठवडाभर पुरेल एवढं हसू मिळालं. परक्या हॉटेलवाल्यानं पाहुण्यांना खोल पाण्यात मासे धरायला न्यायची बोट सुरू केली होती, तिची ती जाहिरात. बोट, तिच्यात लालबुंद पालू मासा, मागे बेट. पण बेट कुठलं? एकच सुळका, लोळणाऱ्या डुकरासारखी पाठ, आणि सुळक्याच्या पोटात आरपार भोक.

"आपल्या बेटाला दोन डोकी आहेत," होड्या रंगवणारा मोसेसे म्हणाला. "याचं एक कोणी खाल्लं?"

"रंग पुरला नसेल रे."

"आणि ते भोक? दुसऱ्याच कुणाचं बेट आपल्या गळ्यात मारतोय हा. लिसियाते, तुझा जन्म समुद्रात गेला. सांग बघू, कुठलं हे?"

"काय की," लिसियाते म्हणाला आणि जाळं खांद्यावर टाकून चालू लागला.

देवानं डोंगर एकच केला, पण तो एका नजरेत कुणाला दिला नाही. डोळ्याला दिसते ती एक बाजू; बाकीच्या मन आपल्या पदरचं घालून भरतं. गाव जन्मभर बेट बघत आलं होतं, पण ते धक्क्यावरून आणि आतल्या शांत पाण्यातून. मागच्या, वाऱ्याच्या बाजूला कोणी फिरकत नसे. तिथं लांब खोल समुद्रात एकच जागा अशी होती, जिथून धाकटं डोकं थोरल्याच्या मागे नेमकं लपे आणि सुळक्याच्या भोकातून आभाळ दिसे. होडी जरा सरकली की भोक बुजलंच. त्या जागेखाली पाण्यात बुडालेली टेकडी होती आणि टेकडीवर पालू. लिसियातेला ती बापानं दाखवली होती. लिसियातेनं पुढे दाखवली ती एकट्या सेमिसीला, बहिणीच्या मुलाला. फलकावरचं चित्र त्या जागेवरून घेतलेला फोटो बघून रंगवलं होतं, यात त्याला तिळमात्र शंका उरली नाही.

सेमिसी आईच्या परसात दोर वळत बसला होता.

"त्या बोटीवर तू आहेस?"

"सुकाणू दिलंय मला," सेमिसी म्हणाला. मग मामाचा चेहरा बघून दोर खाली ठेवला. "मामा, मी तुझा फाहू, बहिणीचा मुलगा. तुझं ते माझं. न विचारता उचलायचा हक्क आहे मला."

"आहे ना. डुकरं नेलीस, चटया नेल्यास, माझ्या लग्नाचा कोट नेलास. कधी हात धरला का तुझा? ते तू घरी आणलंस, बाळा. हे परक्याच्या हातात दिलंस."

"गावात एकालाही ओळखू आलं नाही."

"मला येणार होतं."

सेमिसीनं खाली ठेवलेला दोर पुन्हा हातात घेतला.

"म्हणजे कळलं तर मला एकट्याला कळणार होतं," लिसियाते म्हणाला, "आणि माझं कळणं तू कशातच धरलं नाहीस."

रविवारी देवळात भजन उचलायचं काम लिसियातेचं. त्यानं पहिली ओळ उचलली, आणि नेहमीप्रमाणे सेमिसीचा खर्जातला आवाज खालून आला, पायाखाली चटई अंथरावी तसा. आवाज तोच होता, तसाच भरलेला, तसाच गोड. लिसियातेला वाटलं, निदान आज तरी हा बेसूर व्हायचा होता. पण देवाचं गाणं अर्ध्यावर टाकता येत नाही. त्यानं ते शेवटापर्यंत नेलं.

दुपारी थोरल्या बहिणीकडे, सेमिसीच्या आई लोसालिनेकडे, जेवण. भट्टीत भाजलेल्या अळूच्या गड्ड्याची वाफ निघत होती. रविवारी होडी काढायची नाही, म्हणून याच पानावर सेमिसीची शिकवणी चाले. लिसियाते गड्डा तोडून त्याला दोन डोकी करायचा आणि फिरवत विचारायचा: आता वारा कुठे, आता भोक कुठे, मी पाठ फिरवली तर काय दिसेल? भाच्याला अंधारात बोटांनीसुद्धा बेट ओळखू येऊ लागलं होतं. माशांची शेवटची एक जागा सांगायची उरली होती, दक्षिणेकडची. ती नाताळच्या आधी सांगायचं ठरलं होतं.

आज सेमिसीनं स्वतःच गड्डा तोडला, दोन डोकी केली आणि मान खाली घालून तो मामाच्या पानाकडे सरकवला.

"सांग ना त्याला," लोसालिने म्हणाली. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. "तुझ्यामागं होडी कोण नेणार आहे दुसरं?"

लिसियातेनं तो तुकडा हातात घेतला. दक्षिणेची बाजू वर येईपर्यंत फिरवला. दोन डोक्यांच्या मधल्या खाचेवर त्याचा अंगठा थांबला, आणि सेमिसी श्वास धरून पुढे वाकला.

लिसियातेनं तुकडा नारळाच्या दुधात बुडवला आणि खाल्ला.

"अळू छान भाजलाय, ताई," तो म्हणाला.