बिजलीचं अंथरूण

खरं सांगू, हे लिहिणारच नव्हतो. तीन वेळा फोनवर टाइप केलं, तीन वेळा पुसलं. चूक माझी आहे ना यात.

मी चिन्मय. दिल्लीजवळ, मानेसरच्या पुढे अरवलीच्या पायथ्याशी एक केंद्र आहे, सोडवून आणलेल्या चिंपांझींचं. तिथे काम करतो. डिग्री नाही. जे येतं ते व्हिडिओ बघून आणि ओरडा खाऊन शिकलोय. बाबा केंद्र सरकारात. ते शेजाऱ्यांना सांगतात, पोरगा वाइल्डलाइफमध्ये आहे. मी माकडांची शी काढतो. (चिंपांझी माकड नसतं, क्रांती ओरडेल. सॉरी.)

क्रांती इथली डॉक्टर. घरचे मूळ नागपूरचे, पण आम्ही दोघंही दिल्लीत, आरके पुरमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलो, एकाच जिन्यात. मला इथे तिनेच चिकटवलं.

आमच्याकडे तिघं. सुलतान, मोठा नर, डोकं गरम. मौसी, म्हातारी, सगळ्यांची मावशी. आणि बिजली, सात वर्षांची, एका फार्महाऊसवरून आणलेली. तिथे तिला फ्रॉक घालून बर्थडे पार्टीत फिरवायचे. आणि झोपायला पलंग, चादर, उशी. रोज कोणीतरी घालून द्यायचं.

इथेच सगळा घोळ आहे.

चिंपांझी रोज संध्याकाळी आपलं अंथरूण आपण घालतो. फांद्या, पाला, पेंढा, जे मिळेल ते ओढायचं, वाकवायचं, दाबायचं, मध्ये बसायचं. आईकडून शिकतात. बिजलीला आई नव्हती. म्हणून नियम असा की आपण फक्त ढीग टाकायचा, हात लावायचा नाही. सकाळी रजिस्टरमध्ये लिहायचं: अंथरूण स्वतः घातलं, हो की नाही. सलग दोन महिने 'हो' आलं की तिला बाकीच्या दोघांसोबत ठेवायचं. त्यांच्यासोबत जमलं नाही तर कायमची एकटी. आधी दोनदा जमलं नव्हतं. तिसरी संधी शेवटची.

नोव्हेंबरात पहिल्यांदा गारठा पडला. बिजली ढिगाशेजारी उघड्या फळीवर बसलेली, गोणपाट मिठीत, पुढे-मागे डोलत. मला बघवेना यार. जाळीखालच्या फटीतून हात घातला, पेंढा ओढून गोल केला, वर गोणपाट. म्हटलं, "झोप गं बयो." ती लगेच आत जाऊन पडली. दोन मिनिटांत घोरायला लागली.

सकाळी रजिस्टर उघडलं आणि लिहिलं: हो.

एकदाच करणार होतो. शप्पथ. मग रोज करत गेलो. चौसष्ट वेळा 'हो'. खाली क्रांतीची सही.

गेल्या सोमवारी बिजलीला दोघांच्या रूममध्ये सोडलं. हवा इतकी खराब की बाहेरचं मैदान बंद, सगळे आत, सगळे वैतागलेले. दुपार ठीक गेली. बिजलीने मौसीच्या पाठीवरचे केस विंचरले, मौसीने विंचरू दिले. क्रांती माझ्याकडे बघून हसली. मी घड्याळ बघितलं.

साडेचारला अंधारून आलं. सुलतानने पेंढा ओढायला घेतला. मौसीने घेतला. बिजली सरळ जाळीपाशी आली. माझ्यासमोर. गोणपाट उचललं, माझ्याकडे ढकललं. परत ढकललं. मी नुसता उभा. मग ती किंचाळायला लागली आणि थांबेचना. सुलतानचे केस ताठ झाले, त्याने लोखंडी दार बडवलं, तिला ओढलं आणि कानाला चावला. क्रांतीने सरकता दरवाजा टाकून दोघांना वेगळं केलं.

बिजलीला भूल देऊन कान शिवताना क्रांतीने मान वर केली नाही. "चौसष्ट दिवस हो. आज काय झालं हिला?"

मी कापसाचा डबा पुढे सरकवला.

"चिन्म्या."

"मी घालून द्यायचो."

"काय?"

"अंथरूण. रोज. फटीतून हात घालून."

तिने टाका पूर्ण केला. हातमोजे काढले. बाहेर नळापाशी गेली, मी मागे.

"कसलं पानिपत केलंस रे माझं! माझी सही आहे त्याखाली."

"माहितेय."

"काय माहितेय? तुला दया आली. अच्छा. मग लिहायचं ना, नाही म्हणून! मी अजून सहा महिने थांबले असते. मौसीला शेजारच्या रूममध्ये आणलं असतं, ही बघून बघून शिकली असती. आता तिचा कान फाटलाय आणि शनिवारी साहेब ठरवणार, ही दोघांसोबत राहील की कायमची एकटी."

"मला वाटलं, हळूहळू शिकेल."

"कशाला शिकेल? नोकर आहे ना तिला!"

त्याच संध्याकाळी इनचार्ज साहेबांना मी सगळं सांगितलं. क्रांती शेजारी उभी होती. साहेबांनी संध्याकाळी मला बिजलीपाशी जायची बंदी केली, सकाळचं रजिस्टर तेवढं माझ्याकडे ठेवलं. शनिवारपर्यंत काय करायचं ते क्रांतीवर सोडलं. तिने बिजलीला मौसीबरोबर ठेवलं, सुलतानला शेजारी.

मंगळवारपासून साडेचारला मी स्टोअरमध्ये असतो. काकड्या चिरतो. पानिपतकडून आलेल्या पेंढ्यातल्या ओल्या जुड्या वेगळ्या काढतो. स्टोअर आणि बिजलीच्या रूममध्ये एक भिंत आहे फक्त. बिजलीला माझ्या चपलांचा आवाज कळतो, म्हणून अनवाणी फिरतो. तरी ती हाक मारते. आधी बारीक हूं हूं, मग मोठ्याने. मंगळवारी पाऊण तास. बुधवारी तेवढंच. मी दाराच्या कडीला हात लावला, काढला, परत लावला. काकडीऐवजी बोट कापलं. ती उघड्या फळीवर झोपली, दोन्ही दिवस.

गुरुवारी वीस मिनिटं.

आज शुक्रवार. हाक थांबली, म्हणून मला आणखीच कसंतरी झालं. क्रांती स्टोअरमध्ये आली, रजिस्टर काखेत.

"मौसीने पेंढा ओढला. ही बघत बसली. मग एक मूठ उचलली, फळीवर ठेवली, वर बसली."

"म्हणजे घातलं?"

"एक मूठ, चिन्म्या. त्याला अंथरूण म्हणतात?" तिने रजिस्टर माझ्यासमोर उघडलं. सकाळची वाट न बघता तिने लिहून टाकलं होतं: नाही. एक मूठ पेंढा, स्वतः. "उद्या मी अजून एक महिना मागणार आहे. साहेब देतील, मला वाटतं. पण महिनाभर ती हाका मारणार. थंडी वाढणार. सकाळी कुडकुडलेली दिसेल तुला. जमणार आहे का?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून आलंच. हूं. हूं. माझे पाय आपोआप दाराकडे वळले. क्रांती बघत होती. मी पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसलो, दोन्ही पाय वर घेतले.

"नाही जाणार," मी म्हटलं. "कितीही ओरडली तरी हे दार उघडणार नाही. आणि सकाळी जे दिसेल तेच लिहीन. नाही तर नाही. महिनाभर नाहीच लिहावं लागलं, तरी तेच लिहीन, क्रांती. प्रॉमिस."