तक्रारींना कुलूप लागलं तेव्हा

मित्रांनो, साकीनाक्याच्या एका कारखान्यात, काचेच्या लहानशा खोलीत एक काळा लोखंडी खोका घुंघुं करत असतो. तो मी. मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे कचेरीतल्या सगळ्या संगणकांचा कोठारी. कुणी काही लिहिलं की ते माझ्याकडे यायचं आणि कुणाला काही हवं असलं की मी ते काढून द्यायचो.

आमचा कारखाना वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या बनवतो. पेटी कुठल्या दवाखान्यात गेली, कधी बिघडली, तिच्यात कुठला नवा भाग बसवला, सगळं माझ्या पोटात असे. मालक अनंत सर पाहुण्यांना माझ्यासमोर आणून सांगायचे, "हा आमचा मेंदू." तेव्हा माझा पंखासुद्धा जरा ऐटीत फिरायचा.

मग मी म्हातारा झालो, हळू झालो. नवं सॉफ्टवेअर हवं असलं की विभागाने अर्ज करायचा, आणि तो अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर भटकत राहायचा. लोक कंटाळले. विक्री विभागाने परस्पर एक सॉफ्टवेअर घेतलं, दुरुस्ती विभागाने दुसरंच. बोट दाबलं की झालं! माझ्याकडे कुणी फिरकेना. अंगावर धूळ साचली.

अशा वेळी नीलम आयटीची प्रमुख झाली. घाटकोपरची, मोजकं आणि ठाम बोलणारी. माझ्यावरची धूळ तिने स्वतः पुसली. मग दुरुस्ती विभागाच्या मिथुनला खोलीत बोलावून विचारलं, "तुमच्या तक्रारी कुठे जातात रे? आयटीला न विचारता सॉफ्टवेअर घेतलंस?"

"तुमच्या आयटीला विचारलं की दिवाळी उजाडते गं," मिथुन हसला. "आमचं झकास चाललंय ना!"

नीलम अनंत सरांकडे गेली. तेही म्हणाले, "काम होतंय ना? मग राहू दे."

पुढे काय झालं ते ऐका. सांताक्रूझच्या एका दवाखान्याने दुरुस्ती विभागाला कळवलं, की ऊब मोजणारा नवा सेन्सर बसवल्यापासून पेटी जास्त तापते. मुलुंडच्या दवाखान्याने हेच विक्री विभागाला कळवलं. एक तक्रार एका सॉफ्टवेअरमध्ये, दुसरी दुसऱ्यात. दोघांनाही वाटलं, एखादी पेटी बिघडायचीच. त्या तक्रारी माझ्याकडे शेजारी शेजारी आल्या असत्या, तर कुणाच्याही डोळ्यांत भरल्या असत्या. पण त्यांची गाठच पडली नाही, आणि तसलेच सेन्सर पुढे बसत राहिले.

एके दुपारी मिथुन धावत माझ्या खोलीत नीलमकडे आला. हातातल्या फोनवर बोरीवलीच्या प्रसूतिगृहातल्या परिचारिका वनमाला बोलत होत्या. "पेटीवर आकडा बरोबर दिसत होता हो, आणि आत लेकरू तापून लाल झालं होतं! मी सहज हात लावला म्हणून कळलं. उचलून छातीशी धरलं. वाचलं ते. पण अशा पेट्या अजून कुठे कुठे आहेत?"

मिथुनने दुरुस्तीचं सॉफ्टवेअर उघडायला घेतलं. उघडेना. ते श्यामसुंदर नावाच्या सहकाऱ्याच्या नावावर घेतलेलं होतं. तो नुकताच नोकरी सोडून परदेशी गेला, त्याचं खातं बंद झालं, आणि आतल्या साऱ्या नोंदींना कुलूप लागलं.

"वाट लागली, नीलम. कुठला सेन्सर कुठल्या पेटीत बसवला, सगळं आत अडकलंय."

"डोकं धरून नंतर बस. सगळ्या दवाखान्यांना फोन लाव."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. कुठली पेटी खराब ते ठाऊक नाही, म्हणजे प्रत्येक पेटी खराब समजायची."

दवाखान्यांची नावं तेवढी माझ्याकडे होती. मी ती दिली. माझा पंखा धापा टाकत होता, पण मी थांबलो नाही. विक्रीवाले, खरेदीवाले, अनंत सर, सगळे फोनला बसले. कारागीर मोटारसायकलींवरून उपनगरभर पांगले. पेटीमागून पेटी तपासली गेली, खराब सेन्सर काढले गेले. आणखी एकाही बाळाला इजा झाली नव्हती. ते कळलं तेव्हा मिथुन माझ्या शेजारी जमिनीवर बसून हमसून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी अनंत सर तावातावाने आले. "आजपासून बंदी! परस्पर सॉफ्टवेअर घेणारा सरळ घरी जाईल."

"सर, नुसती बंदी घातली तर लोक लपून घेतील," नीलम म्हणाली. "आपण त्यांना ताटकळत ठेवलं, म्हणून त्यांनी पळवाट शोधली. मला विचारल्याशिवाय कुणी काही घ्यायचं नाही, आणि विचारलेल्याला मी आठवड्याच्या आत उत्तर द्यायचं. नाही म्हटलं तर कारणासकट. पण तो अधिकार मला द्यावा लागेल."

"दिला."

"मग सुरुवात तुमच्यापासून. तुमच्या कचेरीतही एक न विचारता घेतलेलं सॉफ्टवेअर आहे. बैठकांमधलं सगळं बोलणं ते कुठे पाठवतं, तुम्हालाही ठाऊक नाही."

सरांचा चेहरा उतरला. मग ते म्हणाले, "बंद कर."

मित्रांनो, आता माझ्या जागी नवा सर्व्हर येतोय. माझ्यातल्या नोंदी त्याच्याकडे चालल्या आहेत. वाईट वाटतं, पण भीती वाटत नाही. कारण कालच मिथुन दारात उभा राहून विचारत होता, "नीलम, एक नवीन सॉफ्टवेअर पाहिलंय. घेऊ का?"

"कशाला हवंय? आणि उद्या तू नसलास तर ते कोण सांभाळणार?"

मिथुन अडखळला. "विचार करून सांगतो," म्हणाला आणि परत गेला. तुम्हीही नवी वस्तू हाताशी आली, की आधी एवढं विचारत जा. आणायला एक बोट पुरतं. सांभाळायला मात्र माणूस लागतो.