दाराचा सराव

शेरिका तुरुंगातून सुटून आली तेव्हा कोर्टाने तिला स्वच्छ सांगितलं, कायमची नोकरी दाखव, मग मुलगी परत मिळेल. मुलगी नायला शेरिकाच्या बहिणीकडे होती आणि आता मावशीलाच आई म्हणायला लागली होती.

टोलीडो शहरातल्या आमच्या चर्चच्या तळघरात मी तिची मुलाखतीची तयारी करून घ्यायचे. मी जन्मभर हॉटेलच्या लाँड्रीत माणसं नेमली. लाडीगोडी मला जमत नाही.

"तुरुंगात कशाबद्दल होतात?" मी साहेबी आवाजात विचारलं.

"मॅम, ते..."

"मान वर कर. उत्तर काय जमिनीवर सांडलंय?"

"चोरीच्या चेकवर सही केली. चूक माझीच होती. तिथल्या लाँड्रीत मी शिस्त शिकले."

"शिस्त म्हणू नकोस, ती कुत्र्याला लावतात. काम शिकले म्हण."

शेरिका हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

तळघराचं दार आपोआप मिटायचं, म्हणून मी त्याला घडीची खुर्ची लावून ते उघडं ठेवत असे. प्रश्न उलटेपालटे करून विचारले, हात मिळवायला शिकवलं, माझा निळा कोट दिला. दाराचं काही डोक्यातच आलं नाही.

हॉस्पिटलच्या लाँड्रीतल्या जागेसाठी बोलावणं आलं. मी तिला गाडीने नेलं आणि बाहेरच्या खोलीत बसले. टेबलामागची मुलगी म्हणाली, "साहेब वाट बघतायत, जा आत."

"हो मॅम," म्हणत शेरिका बंद दारासमोर गेली आणि हात मागे बांधून उभी राहिली. मला वाटलं, देवाचं नाव घेतेय. मग माझ्या लक्षात आलं. तुरुंगात कैदी दार उघडत नाही. पहारेकरी कुठूनतरी कळ दाबतो, मग ते उघडतं. शेरिका ती कळ दाबली जाण्याची वाट बघत होती.

"दाराची मूठ फिरव, पोरी," मी दबक्या आवाजात म्हणाले. तिला ऐकूच गेलं नाही. मी उठणार तेवढ्यात साहेबांनीच आतून दार उघडलं. शेरिका झटकन बाजूला सरकली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. साहेब तिच्याकडे बघतच राहिले.

"या," ते म्हणाले. फार मऊ आवाजात म्हणाले. मला तो आवाज आवडला नाही.

ती लवकरच बाहेर आली. चेहरा फुललेला होता.

"मिस वर्नेल, तुम्ही उगाच छळलंत मला. तुरुंगाचं त्यांनी विचारलंच नाही. नुसतं, घर कुठे, बसने याल का, एवढंच. छान माणूस आहे."

मीही खूप माणसांशी अशी छान वागले आहे. ज्याला घ्यायचंच नसे, त्याला मी अवघड प्रश्न कधी विचारला नाही.

"आज नायलाला फोन करू का? सांगू का तिला?"

"उद्या कर," मी म्हणाले आणि गाडीत बसले. शेरिका पलीकडच्या दाराशी उभी होती. मी आतून हात लांबवून ते उघडलं, तेव्हा ती आत आली.