करवंटीतला काटा

बुधवारी लवू भगताच्या खळ्यात पाय ठेवायला जागा नसे. कानाला फडकी बांधलेल्या बाळंतिणी, त्यांच्या सासवा, रडून रडून घसा बसलेली बाळे. थानात गाठ धरली, अंग तापले, की खाडीकाठची माणसे आधी इथे येत. कारण ठरलेले असे : बाळंतिणीला मासळी वर्ज्य, तिने चोरून खाल्ली आणि काटा दुधाच्या वाटेत रुतला.

अक्षया सासूच्या खांद्यावर मान टाकून बसली होती. उजवे थान दगड झाले होते. पदर घासला तरी डोळ्यांत पाणी येई.

"परक्या बाईक मी हात लावणंय नाय," भगत डोळे मिटून म्हणाला. "माशे खातली ती, नि काटे काढूचे मी."

थाळीतला तांदळाच्या पिठाचा ओला गोळा त्याने तिच्या पदरावरून फिरवला. अक्षया कळवळली. त्याने गोळा फोडला. आत पेडव्याचा, त्या बारक्या मासळीचा, काटा. बायकांनी हात जोडले.

"अजून खोल आसत. फुडल्या बुधवारापर्यंत ह्या बाजून पोराक पाजू नको. काटो पोटात जायत."

सासू दुर्गा वाटभर पुढेच चालत होती. घराच्या पायरीवर मात्र थांबली. "येवढी जीभ सुटलेली गो तुझी, माशे चोरून खाल्लंस?"

अक्षयाने लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. पण काटा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. त्यापुढे सुनेच्या शब्दाचे वजन ते किती? बोटीवर गेलेल्या नवऱ्याला, सुशांतला, फोन लागला, तेव्हा त्यानेही भगताचे ऐक म्हणून सांगितले.

लेक उजव्या थानाकडे तोंड वळवी आणि दुर्गा तिला ओढून दुसऱ्या बाजूला लावी. थंडी भरून दात वाजत असताना अक्षया भरतीने अडलेल्या ओढ्याची ओवी पुटपुटे,

*भरती इली खाडयेक, व्हाळाक गावना वाट*
*थान भरलां दुदान, लेक रडता दिसरात*

वैभववाडीच्या शाळेत विज्ञान शिकवणारी नणंद नम्रता सुट्टीवर आली, तिने वहिनीच्या कपाळाला हात लावला आणि तडक रिक्षा बोलावली.

"दूध तुंबलं, मग जंतू शिरले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बाळाला पाजत राहिली असती, वेळेवर औषध मिळालं असतं, तर बहुधा इथवर आलं नसतं. आता पू झालाय. चीर द्यावी लागेल."

पुढल्या बुधवारी जे घडले, ते नम्रताने नंतर दवाखान्यातल्या खाटेशी बसून अक्षयाला सांगितले. कानाला फडके बांधून, बाळ म्हणून उशीचे बोचके मांडीवर घेऊन नम्रताच बाळंतीण बनून भगतापुढे बसली होती. दुर्गा शेजारीच. गोळा पदरावरून फिरला, फुटला, काटा निघाला. मग नम्रताने छातीवर बांधलेली, गोळा जिच्यावरून फिरला ती नारळाची करवंटी पदराआडून काढून त्याच्यासमोर ठेवली.

"भगतानू, नारळान चोरून मासो कधी खाल्लो?"

आणि त्याने हात घालायच्या आत तिने थाळीतले उरलेले गोळे फोडले. कुणाच्याही अंगाला न लागलेले. प्रत्येकात काटा.

खळ्यात हसू उठले, पण तेवढ्यापुरतेच. भगताने डोळे फिरवले. म्हणाला, देवीची परीक्षा बघणारी बाई आली म्हणून काटे थाळीतच उतरले. "नारळ पण देवाचोच," मागून कुणीतरी पुटपुटले. रांग पुन्हा सरळ झाली. नवी बाळंतीण पुढे सरकली.

ऐकताना अक्षया छातीवरच्या पट्टीकडे बघत होती. उजवीकडचे दूध थेंबांवर आले होते. दुर्गा तिला पेज भरवत होती. नम्रता औषध आणायला बाहेर गेली, तशी दुर्गा हळूच वाकली.

"मी रागावणंय नाय गो. पण खरां सांग, एक तुकडो तरी खाल्लेलंस मां?"

अक्षयाने तोंड भिंतीकडे फिरवले.

बायांनो, थान दुखले, लाल झाले, अंग तापले, तर बाळाला थानापासून तोडू नका. पाजत राहा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कुणी अंगातून काटा काढतो म्हणाला, तर त्याचा गोळा अंगाला लावण्याआधी फोडून बघा. आणि घरची बाळंतीण शपथेवर काही सांगत असेल, तर ते पिठातल्या काट्यापेक्षा खरे माना.